कमरेच्या मणक्यातला जंतुसंसर्ग: दुर्बिणीचं ऑपरेशन कधी पुरतं आणि कधी नाही

वाळपईजवळच्या एका गावातून आलेला प्रश्न थोडक्यात असा. वडील ६२ वर्षांचे, आयुष्यभर कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, राबलेले, १४ वर्षांपासून मधुमेह. अडीच महिने कंबर दुखते आहे, रात्री कूस बदलतानाही ओरडतात, संध्याकाळी अंगात कणकण असते. आधी चमक भरली म्हणून तेल चोळलं, मग दुखण्याची इंजेक्शनं घेतली, पाच दिवस अँटिबायोटिकच्या गोळ्याही झाल्या. त्या बंद होऊन दहा दिवस झाले. आता एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधल्या चकतीत जंतुसंसर्ग, नसांच्या पुढे थोडा पू आणि डाव्या बाजूच्या सोआस या कण्यालगतच्या स्नायूत लहान गळू दिसलं आहे. रक्तातला दाह दाखवणाऱ्या तपासण्या, सीआरपी ७४ आणि ईएसआर ८८, दोन्ही वाढलेल्या. डाव्या पायात कळ जाते, पण ताकद आहे आणि लघवी-संडास व्यवस्थित. एका सर्जननी कंबर उघडून सफाई आणि स्क्रू सांगितले, दुसऱ्यांनी दुर्बिणीतून पू काढू असं सांगितलं. ऐकायचं कोणाचं? एवढ्याशा छिद्रातून सगळा संसर्ग निघतो का? आणि चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तीन आठवड्यांवर आली आहे, बाबांना गणपतीवरची फळा-पानांची माटोळी बांधायची आहे, तोवर थांबलं तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते घाईचं आहे. थांबू नका. ऑपरेशन कुठलं हे दोन दिवस उशिरा ठरलं तरी चालेल, पण पू कुठल्या जंतूचा आहे हे शोधण्याची सुरुवात याच आठवड्यात व्हायला हवी. आणि या सगळ्या दिवसांत पायाची बोटं किंवा पाऊल उचलेनासं झालं, जांघेत किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, थंडी वाजून ताप भरला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी १०८ ला फोन करा आणि बांबोळीचं सरकारी मोठं रुग्णालय (गोवा मेडिकल कॉलेज) गाठा. वाळपईहून तास-सव्वा तास लागतो. तो वेळ सकाळची वाट बघण्यात घालवायचा नाही.

आता दोन सर्जनांच्या दोन मतांकडे वळतो. तुम्हाला वाटतंय की यांपैकी एक बरोबर आणि एक चूक असणार. तसं असेलच असं नाही. उघडं ऑपरेशन सांगणाऱ्यांनी बहुधा हाडाकडे बघितलं, दुर्बीण सांगणाऱ्यांनी पुवाकडे. मणक्याच्या संसर्गात तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात: जंतू कोणता, नसांवर दाब किती, आणि हाड किती पोखरलंय. छेद लहान की मोठा हे या तिघांच्या उत्तरातून आपोआप ठरतं. लोक उलट्या बाजूने सुरुवात करतात, आधी छेद ठरवतात, आणि तिथेच फसतात.

मोठ्या माणसाच्या चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतो. जंतू रक्तातून येतो तो आधी मणक्याच्या हाडाच्या काठावर अडकतो आणि तिथून चकतीत शिरतो. एकदा आत शिरला की त्याला निवांत जागा मिळते, कारण ज्या रक्तातून औषध यायचं तेच तिथे पोचत नाही. म्हणून संसर्ग महिनोन्‌महिने धुमसतो, तापही नीट येत नाही, आणि माणूस चमक भरली असं समजून तेल चोळत राहतो. तुमच्या बाबांचं रात्रीचं ओरडणं महत्त्वाचं लक्षण होतं. साध्या कंबरदुखीत आडवं पडलं की बरं वाटतं. आडवं पडूनही जी कंबर सुटत नाही आणि अंथरुणात वळताना जिचा जीव जातो, तिला मधुमेही माणसात संसर्ग नाही हे सिद्ध होईपर्यंत संसर्गच समजावं. चोळणं मात्र आजपासून पूर्ण बंद. पोखरलेल्या मणक्यावर पालथं झोपवून दाब दिल्याने हाड खचू शकतं.

आपल्या गोव्यात हा आजार वाढतोय असं मला दवाखान्यात जाणवतं, आणि त्यामागे मधुमेह आहे याबद्दल मला शंका नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के. मधुमेही पायाला काटा लागलेला कळत नाही, बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्या महिनाभर राहतात, लघवीचा संसर्ग अंगावर काढला जातो, आणि यांतल्या कुठल्याही वाटेने जंतू रक्तात उतरतो. बाबांचे तळपाय आज उजेडात नीट बघा. बोटांमध्ये, टाचेच्या भेगांत बघा. जखम दिसली तर तीही डॉक्टरांना दाखवा. कधी कधी मणक्याच्या दुखण्याचं उगमस्थान तिथेच सापडतं.

जंतू कोणता असू शकतो? सर्वांत जास्त आढळतो स्टॅफिलोकोकस ऑरियस, त्वचेवरच्या फोडांमधला नेहमीचा. लघवीच्या वाटेने आला तर ई. कोलाय आणि त्याचे भाऊबंद. पण आपल्या देशात क्षयरोगाचा विचार प्रत्येक मणक्यात करावा लागतो. सर्जन पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये लंडनला ज्याचं वर्णन केलं तो हाच मणक्याचा क्षय, आणि तो आपल्याकडून गेलेला नाही. क्षय सहसा सावकाश येतो, चकती बराच काळ शाबूत ठेवतो, आणि पातळ भिंतीची मोठमोठी गळवं सोआसमधून खाली जांघेपर्यंत उतरवतो. साधा पू करणारे जंतू चकती पहिल्यांदा खातात. एमआरआयवर हा फरक दिसतो, पण त्यावर विसंबून औषध सुरू करणं मला पटत नाही. मी दोन्ही बाजूंनी फसलेलो आहे: क्षय वाटला आणि स्टॅफ निघाला, स्टॅफ वाटला आणि क्षय निघाला.

घरी गाई-म्हशी असतील, कच्चं दूध पिण्यात येत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यातून ब्रुसेला नावाचा जंतू येतो. आणि एका जंतूबद्दल मी थोडं जास्त लिहितो, कारण तुम्ही सत्तरी तालुक्यातले आहात, पावसाळा चालू आहे आणि बाबा चिखलात अनवाणी असतात. मेलिऑयडोसिस नावाचा आजार आहे. त्याचा जंतू, बर्कहोल्डेरिया सुडोमॅलिआय, मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो. मंगळूर-उडुपीपासून आपल्यापर्यंतच्या किनारपट्टीला तो नवा नाही. पावसात, शेतात काम करणाऱ्या मधुमेही माणसाला तो गाठतो: फुप्फुसात, यकृतात, प्लीहेत गळवं करतो, कधी हाडात आणि मणक्यातही. दिसायला क्षयासारखा. प्रयोगशाळेत त्याला कधी कधी साधा सुडोमोनास समजून बाजूला टाकतात. क्षयाची औषधं त्याच्यावर चालत नाहीत, जेंटामायसिन चालत नाही. सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेमची शिरेतून इंजेक्शनं कित्येक आठवडे आणि नंतर कोट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या कित्येक महिने, असा त्याचा वेगळाच उपचार आहे. म्हणून नमुना पाठवताना चिठ्ठीवर ‘मधुमेही, शेतकरी, पावसाळ्यातला आजार, मेलिऑयडोसिसही बघावा’ एवढं एक वाक्य लिहायला डॉक्टरांना विनंती करा. तेवढ्याने प्रयोगशाळेतला माणूस ताटलीकडे वेगळ्या नजरेने बघतो. सोबत पोटाची सोनोग्राफीही करून घ्या.

आता नमुना कसा घ्यायचा ते सांगतो. पहिली पायरी रक्ताच्या कल्चरची, म्हणजे जंतू वाढवून बघण्याची: वेगवेगळ्या जागांवरून दोन-तीन वेळा रक्त, अँटिबायोटिक सुरू करण्याआधी. पुवाच्या जंतूंमध्ये सुमारे निम्म्या रुग्णांत इथेच उत्तर मिळतं. स्टॅफ ऑरियस रक्तात वाढला तर मणक्यात सुई घालण्याचीही गरज बहुधा उरत नाही, पण हृदयाचा इको मात्र करावाच लागतो, कारण हा जंतू हृदयाच्या झडपेवरही बसतो. रक्तात काही वाढलं नाही, तर मणक्यातून तुकडा किंवा पू. बाबांच्या गोळ्या बंद होऊन दहा दिवस झालेत हे या बाबतीत बरंच झालं, अँटिबायोटिक अंगात असताना काही वाढत नाही. ताप फार नाही, पाय चालतायत, रक्तदाब ठीक आहे, तोवर नमुना हाती येईपर्यंत नवीन अँटिबायोटिक नको. माझं हे सांगणं नातेवाइकांना चुकीचं वाटतं, ‘पू आहे आणि औषध देत नाहीत’ म्हणून चिडतात. पण आंधळेपणाने दिलेल्या पाच दिवसांच्या गोळ्या जंतूला मारत नाहीत, लपवतात. त्यांतली लेव्होफ्लॉक्सासिनसारखी काही औषधं क्षयाच्या जंतूलाही अर्धवट दाबतात, आणि मग निदान आणखी दोन महिने पुढे जातं. पाय लुळा पडू लागला किंवा रक्तात संसर्ग पसरून रक्तदाब घसरला, तर मात्र हा नियम नाही. तेव्हा रक्त घेऊन त्याच तासात औषध सुरू.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी बार्देशातल्या एक बाई माझ्याकडे आल्या. दुसरीकडे त्यांच्या मणक्यातून सुईने तुकडा काढला होता, व्यवस्थित काढला होता, आणि तो संपूर्ण फॉर्मलिनच्या बाटलीत टाकला होता. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतो. सूक्ष्मदर्शकाखाली ‘दाह आहे’ एवढंच कळलं, कल्चर होऊच शकलं नाही. सहा आठवडे अंदाजाने औषधं चालली. मला तीच सुई पुन्हा घालावी लागली, आणि तोवर एक मणका अर्धा खचला होता. त्या दिवसापासून मी नमुना घेताना बाटल्या स्वतः मोजतो: फॉर्मलिनमध्ये एक, बाकी निर्जंतुक बाटल्यांत मिठाच्या पाण्यात, एक साध्या कल्चरला, एक क्षयाच्या सीबीनॅट आणि कल्चरला, एक बुरशीला. सीबीनॅटचं उत्तर यंत्रातून दोनेक तासांत येतं आणि रिफॅम्पिसिनला जंतू दाद देतो का तेही त्यात कळतं. तुम्हीही ऑपरेशनच्या आधी सरळ विचारा, ‘डॉक्टर, तुकडा कुठकुठल्या तपासण्यांना जाणार?’ विचारायला संकोच करू नका. चांगल्या सर्जनला हा प्रश्न आवडतो.

दुर्बिणीचं ऑपरेशन इथेच कामाला येतं. सीटी स्कॅनखाली सुईने नमुना घेतला तर जंतू सापडेल याची खात्री नसते. निम्म्या वेळा हात रिकामा राहतो, कारण सुईत येणारा तुकडा भाताच्या शितापेक्षा मोठा नसतो. दुर्बिणीतून आपण चकतीचे आणि हाडाच्या काठाचे दिसणारे, कुजलेले तुकडे चिमट्याने उचलतो. नमुना भरपूर मिळतो, आणि त्याच बैठकीत पू धुऊन निघतो. तुमच्या बाबांसारख्या माणसासाठी, म्हणजे नसा शाबूत, एकच चकती, गळू लहान, जंतू अजून अज्ञात, हा मार्ग मला पहिल्या पसंतीचा वाटतो. तोही एका अटीवर. ती पुढे येते.

होतं कसं ते थोडक्यात. रुग्णाला पालथं झोपवतात. बहुतेक वेळा पूर्ण भूल देत नाहीत, जागा बधिर करून थोडी गुंगी देतात, म्हणजे नसेला धक्का लागला तर रुग्णच ‘पायात करंट गेला’ असं सांगतो. मधुमेह, हृदय, मूत्रपिंड कमकुवत असलेल्या माणसाला पूर्ण भूल टळणं हाच मोठा फायदा आहे. पाठीच्या मध्यरेषेपासून साधारण दहा-बारा सेंटिमीटर बाजूला, एक सेंटिमीटरपेक्षाही छोटा छेद. सी-आर्मच्या एक्स-रेवर बघत सुई तिरकी आत जाते. मणक्यातून बाहेर पडणारी नस, तिच्या आतल्या अंगाला नसांचं आवरण आणि खाली मणक्याचा काठ यांच्यामध्ये एक त्रिकोणी मोकळी जागा असते, तिला कांबिनचा त्रिकोण म्हणतात. त्या जागेतून हाड न कापता चकतीत शिरता येतं. सुईवरून तार, तारेवरून सात-आठ मिलिमीटरची नळी, नळीतून दुर्बीण. चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती या वाटेला सोयीची असते. तिच्या खालची, पाचव्या मणक्याची आणि माकडहाडाच्या वरच्या हाडामधली, कमरेच्या हाडाच्या कडेआड लपलेली असते, तिथे हात अवघडतो. कुजलेला भाग काढून झाला की कित्येक लिटर मिठाच्या पाण्याने जागा धुतात आणि एक बारीक नळी काही दिवस आत ठेवतात, उरलेला पू झिरपून यायला. स्नायू हाडावरून सोलले जात नाहीत, रक्त फारसं जात नाही, दुसऱ्या दिवशी पट्टा बांधून बसता येतं. अनेकांचं रात्रीचं दुखणं पहिल्या दोन-तीन दिवसांतच उतरतं, कारण कोंडलेला दाब मोकळा होतो. सोआसमधलं गळू लहान असेल तर चकती मोकळी झाल्यावर औषधाने विरतं. मोठं असेल तर सीटी किंवा सोनोग्राफीखाली बाहेरून वेगळी नळी घालतात.

धोके आहेत, आणि ते ‘दुर्बिणीतलं आहे, काही होत नाही’ या वाक्याखाली झाकले जाऊ नयेत. वरून जाणारी नस दुखावून पायात काही आठवडे जळजळ, बधिरपणा राहू शकतो. धुण्याच्या पाण्याचा दाब जास्त झाला तर तो नसांच्या आवरणाभोवतीने वर चढतो, मान दुखते, डोकं दुखतं, क्वचित झटका येतो. आवरण फाटू शकतं. आणि तुमचा मूळ प्रश्न: सगळा संसर्ग निघतो का? नाही, निघत नाही. उघड्या ऑपरेशननेही निघत नाही. सर्जन जंतूंचा साठा कमी करतो आणि औषधाला वाट करून देतो. बरं औषध करतं. काहींना दुसऱ्यांदा धुवावं लागतं, काहींना शेवटी उघडं ऑपरेशन लागतं. हे आधी सांगितलेलं असेल तर तो विश्वासघात वाटत नाही.

आता अट. हाड. सीटी स्कॅन झाला आहे का? तुमच्या प्रश्नात एमआरआयच आहे. एमआरआय पू आणि नसा दाखवतो, हाड किती खाल्लं गेलंय ते सीटी दाखवतो, आणि उभं राहून काढलेला एक्स-रे त्या हाडावर वजन पडल्यावर मणका कसा बसतो ते दाखवतो. बाबांना उभं राहवत असेल तरच तो काढा. दोन्ही मणक्यांच्या पृष्ठभागाचा मोठा भाग गेला असेल, कुबड येऊ लागली असेल, एक मणका दुसऱ्यावरून सरकत असेल, तर नुसता पू काढून उपयोग नाही. मी हे चुकून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका मधुमेही गृहस्थांची चकती दुर्बिणीतून उत्तम साफ झाली, ताप गेला, सीआरपी उतरला, आणि मी खूश होतो. सीटीवर खालचा मणका पोखरलेला मला दिसला होता, पण त्यांचं वय आणि हृदय बघून स्क्रू टाळले. दोन महिन्यांनी ते वाकून आले. मणका खचला होता, उभं राहिलं की पायात कळ. मग स्क्रू घातलेच, पण आधीपेक्षा अवघड परिस्थितीत. तेव्हा तुमच्या पहिल्या सर्जननी स्क्रू सांगितले असतील तर त्यांनी कदाचित असंच काही बघितलंय. त्यांना विचारा, ‘सीटीवर हाड किती गेलंय? स्क्रू कशासाठी?’

स्क्रू म्हणजे लगेच पाठ उघडणं असं आता राहिलेलं नाही. प्रत्येक स्क्रूसाठी दीड-दोन सेंटिमीटरचा छेद, सी-आर्मखाली तारेवरून स्क्रू आत, आणि त्वचेखालून सरकवलेला रॉड, असं करता येतं. दुर्बिणीतून सफाई आणि असे स्क्रू एकाच बैठकीत, किंवा काही दिवसांच्या अंतराने, दोन्ही चालतं. ‘पू असलेल्या जागी लोखंड घालायचं?’ ही भीती प्रत्येक घरात असते. आधी सर्जनांनाही होती. टायटॅनियमवर जंतूंचा थर तुलनेने कमी धरतो, आणि स्थिर झालेलं हाड हलणाऱ्या हाडापेक्षा लवकर बरं होतं, हे अनुभवाने पटलेलं आहे. मात्र सफाई आणि योग्य औषध सोबत हवं. मधुमेही, ठिसूळ हाडात स्क्रू सैल होऊ शकतात, म्हणून कधी एक मणका वर आणि एक खाली जास्त धरावा लागतो. हाडाचा मोठा खड्डा असेल तर पोटाच्या बाजूने, सोआसच्या पुढून, छोट्या छेदातून जाऊन सफाई आणि हाडाचा आधार देणारी पद्धतही आहे. पण ती प्रत्येकाच्या हातातली नाही, आणि मोठ्या रक्तवाहिन्या शेजारी असतात.

उघडं ऑपरेशन आजही कधी योग्य? पाय लुळा पडत चालला, लघवी गेली आणि पू घट्ट, अनेक मणक्यांवर पसरलेला असेल, तेव्हा. अशा वेळी ज्या सर्जनचा हात ज्या पद्धतीवर बसला आहे आणि जी तासाभरात होऊ शकते, ती पद्धत चांगली. कमरेत मज्जारज्जू संपून घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा जुडगा असतो, तो मज्जारज्जूपेक्षा थोडा सोशीक असला तरी लघवीची नस एकदा गेली की परत येईल याचा भरवसा नाही. तिथे छेदाच्या लांबीवर चर्चा करत बसलेलं मला बघवत नाही.

आणि क्षय निघाला तर? बऱ्याच जणांना ऑपरेशन लागतच नाही. डॉ. सुरेंद्र मोहन तुली यांनी वाराणसीच्या अनुभवावरून १९७५ मध्ये मांडलेला ‘मधला मार्ग’ आपल्या देशाने जगाला दिला: सगळ्यांना औषध, आणि औषधाने सुधारत नाही किंवा नसा दबतायत त्यांनाच ऑपरेशन. त्याचा पाया आजही भक्कम आहे. औषधं साधारण वर्षभर घ्यावी लागतात, काहींना त्याहून जास्त. सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात, आणि निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणीवर नाव लागलं की पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यात जमा होतात. नोंद करून घ्यायला लाजू नका. लघवी केशरी झाली तर घाबरू नका, ते रिफॅम्पिसिनचं. पण डोळे पिवळे झाले, मळमळ थांबेना, किंवा लाल-हिरवा रंग ओळखायला अडचण आली, तर त्याच दिवशी दाखवा.

साध्या पुवाच्या जंतूला बहुतेकदा सहा आठवडे औषध पुरतं. २०१५ मध्ये फ्रान्समध्ये ३५१ रुग्णांवर सहा आणि बारा आठवड्यांची तुलना झाली, बरं होण्याचं प्रमाण दोन्हींत सारखं, सुमारे ९१ टक्के. सहा आठवडे शिरेतूनच हवं असंही नाही. २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये १,०५४ हाडा-सांध्यांच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात योग्य निवडलेल्या गोळ्या इंजेक्शनांपेक्षा कमी पडल्या नाहीत. ‘योग्य निवडलेल्या’ हे महत्त्वाचं, आणि निवड कल्चरवरून. म्हणून पुन्हा तिथेच येतो. गळू न काढलेलं, मधुमेह बेलगाम किंवा जंतू हट्टी असेल तर मुदत वाढते. इंजेक्शनं लागलीच तर रोज बांबोळीला यायची गरज नाही, वाळपईच्या सरकारी आरोग्य केंद्रात ती देण्याची सोय होते का ते सुटी मिळण्याआधीच ठरवून घ्या.

सुधारणा कशी ओळखायची? दुखणं आणि सीआरपी. सीआरपी आठवड्याला तपासा, तो पहिल्या एक-दोन आठवड्यांत निम्म्याखाली यायला हवा. ईएसआर आळशी आहे, महिने घेतो. आणि कृपा करून दर महिन्याला एमआरआय काढू नका. रुग्ण चालायला लागलेला असतो, जेवायला लागलेला असतो, आणि महिन्याच्या एमआरआयमध्ये हाड आधीपेक्षा वाईट दिसतं, कारण चित्र शरीराच्या मागे रेंगाळतं. त्या कागदापायी घरात रडारड झालेली आणि नको ती दुसरी ऑपरेशनं झालेली मी पाहिली आहेत. दुखणं वाढलं, सीआरपी चढला, पायात नवीन काही झालं, तर मात्र लगेच काढा.

जेवणाचं थोडं. संसर्गात माणूस आतून झिजतो, आणि आपल्याकडे आजारी माणसाला उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं देऊन ठेवतात. पेजेने साखर चढते आणि प्रथिनं मिळत नाहीत. पेज द्या, पण वाटीभर, आणि तिच्याबरोबर अंडी, बांगडा किंवा इतर मासे, कुळीथ, अळसांदे. शाकाहारी असाल तर डाळ, पनीर, ताक वाढवा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर किती ते डॉक्टरांना विचारून. या काळात साखरेसाठी बहुतेक वेळा इन्सुलिन लागतं. ‘एकदा सुरू केलं की सुटत नाही’ म्हणून नाकारू नका, संसर्ग गेला की पुष्कळांचं कमी करता येतं. बिडी-तंबाखू असेल तर बंद. हाड जुळण्याआड ती येते.

खर्चाचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड चालू आहे का, नूतनीकरण राहिलंय का, ते आजच बघा. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा अधिक जणांना चार लाखांपर्यंत कवच आहे, पण ते ठरावीक उपचारांना. तुमच्या ऑपरेशनचं नाव आणि स्क्रू त्यात बसतात का हे रुग्णालयाच्या त्या खिडकीवर आधी विचारा, ऑपरेशन झाल्यावर नको.

दोन्ही सर्जनांकडे परत जाताना रिपोर्टचा फोटो नेऊ नका, एमआरआयची सीडी न्या, आणि सीटी करून घ्या. हाड शाबूत निघालं तर दुर्बीण. पोखरलेलं निघालं तर दुर्बिणीबरोबर त्वचेतून घातलेले स्क्रू, किंवा तसं करणारा हात जवळ नसेल तर पहिल्या सर्जननी सांगितलेलं उघडं ऑपरेशन. तीही चूक ठरणार नाही. चित्रं न पाहता याहून पुढे जाणं मला योग्य वाटत नाही.

चवथीचं सांगतो. या आठवड्यात पू निघाला, तर चवथीला बाबा बहुधा घरी असतील, कमरेला पट्टा, औषध चालू. सुपारीचे घोस आणि तोरिंगं आणायला रानात जाणं, स्टुलावर चढून हात वर करून बांधणं त्यांना या वर्षी जमणार नाही, सांगितलं तरी ऐकणार नाहीत म्हणून तुम्हीच आधी बांधायला घ्या. त्यांना पाठीला टेकू असलेल्या खुर्चीत समोर बसवा आणि कुठलं फळ कुठे लागतं ते त्यांना सांगू द्या. अर्ध्या तासाने उठवून आडवं करा. आणि साखर दिवसातून चार वेळा तपासा, नेवऱ्यांच्या दिवसांतही.